रुळाची नोंद होते, पावलांची कधी होणार?

रेल्वेच्या कोणत्याही आरोग्य केंद्रात सकाळी रांगेपाशी थोडा वेळ उभे राहावे. सिक मेमो हातात घेतलेला एखादा ट्रॅकमन लंगडत पुढे येतो. पडलात का, असे डॉक्टर विचारतात. नाही. काही जड पायावर पडले? नाही. मुरगळला? तेही नाही. "मग झाले काय?" "काही नाही साहेब, चालून चालून दुखतोय." एक्स-रे निघतो, हाड साबूत दिसते. गोळ्या, तीन दिवसांची विश्रांती आणि चौथ्या दिवशी फिट. गँगवर परतला की सोबतीच म्हणतात, मुका मार असेल. कोणी पाठीमागे म्हणतो, काम चुकवतोय. पंधरा-वीस दिवसांनी तोच माणूस, तोच पाय आणि दुसरा एक्स-रे. या वेळी पावलाच्या हाडावर बारीक रेघ असते आणि तिच्याभोवती नव्या हाडाची गाठ धरलेली असते. हाड मोडलेले होते. त्याच मोडक्या हाडावर त्याने तीन आठवडे ड्युटी केलेली असते.

पोस्टमन बांधवांची कथा वेगळी नाही. तेथे खडीऐवजी डांबर, फरशी आणि जिने असतात, इतकाच फरक.

या दुखण्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. एका फटक्याने नव्हे, तर त्याच त्या भाराने हजारो वेळा वाकून हाडाला गेलेला हा तडा असतो. पायी चालणे हाच ज्यांच्या नोकरीचा गाभा आहे, अशा आमच्या सभासदांना या दुखण्याचे मूळ कळले पाहिजे. ते कामात आहे, कामाच्या आखणीत आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. म्हणून हा अग्रलेख पावलाच्या हाडांवर लिहीत आहोत.

वैद्यकशास्त्राला हे दुखणे नवे नाही. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने १८५५ मध्ये, लांबवर कूच करणाऱ्या सैनिकांची पावले सुजतात आणि दुखतात, असे नोंदवून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चाळीस वर्षे होती, त्यामुळे आतील हाड त्याला दिसणे शक्य नव्हते. स्नायूंच्या दोऱ्यांवरील आवरणाला सूज येत असावी, असा त्याने तर्क केला. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि १८९७ मध्ये श्टेखो या जर्मन डॉक्टरने अशाच पावलांच्या चित्रांत मोडलेली हाडे दाखवली. तेव्हापासून या दुखण्याला 'मार्च फ्रॅक्चर', म्हणजे कूच करून मोडलेले हाड, असेही नाव आहे. केवळ चालल्याने तरण्याताठ्या शिपायाचे हाड मोडते, हे सैन्याने सव्वाशे वर्षांपूर्वी मान्य केले. कीमन आणि पोस्टमन यांच्याबाबतीत मात्र अजून "पडला नाही, तर मोडेल कसे?" हाच प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर रेल्वे कामगाराला कोणी शिकवायची गरज नाही. त्याने ते रुळात पाहिलेले असते. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. त्या काळात असे आस तुटण्याचे कोडे कोणाला उलगडत नव्हते, कारण तुटलेल्या आसावर नेहमीपेक्षा जास्त भार आलेला नसे. प्रशियाच्याच रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या इंजिनीअरने १८५० ते १८७० या काळात आसांवर प्रयोग केले आणि सिद्ध केले, की जो भार लोखंड एकदा सहज पेलते, तोच भार लाखो वेळा उलटसुलट आला की लोखंड तुटते. धातू थकतो. आधी केसाएवढी चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि एके दिवशी साध्याच गाडीखाली तुकडा पडतो. एकाच देशात, साधारण एकाच काळात एक जण थकलेला आस तपासत होता आणि दुसरा थकलेले पाऊल. दोघांसमोरचा प्रश्न एकच होता.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. रुळाचा थकवा रेल्वेने मान्य केला. कोणत्या रुळावरून किती जी.एम.टी. वाहतूक गेली याचा हिशेब ठेवला जातो, त्यावरून अल्ट्रासोनिक तपासणी किती दिवसांनी करायची ते ठरते, दोष सापडला की त्या जागी रंगाने खूण होते, जोडपट्ट्या बसतात, गरज पडली तर वेग कमी केला जातो. हे योग्यच आहे, त्यावर प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत. पण त्याच रुळाशेजारून रोज चालणाऱ्या माणसाच्या पायांवरून किती 'वाहतूक' गेली, त्याचा हिशेब कोणत्याही रजिस्टरात नाही. त्याच्या पायाला तडा गेला की आमचे प्रशासन विचारते, अपघात कधी झाला?

हाड लोखंडापेक्षा एका बाबतीत श्रेष्ठ आहे. ते जिवंत असल्यामुळे स्वतःची दुरुस्ती स्वतः करते. १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद युलियुस व्होल्फ यांनी मांडले, की हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना बदलत जाते. नव्या भाराला हाड मजबुतीने उत्तर देते. पण या दुरुस्तीचा एक क्रम आहे आणि सगळी मेख त्या क्रमात आहे. हाडात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. पहिल्या पेशी थकलेला भाग कुरतडून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवे हाड भरतात. कुरतडण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते. भरण्याच्या कामाला साधारण तीन महिने लागतात. ज्यांनी रूळ बदलले आहेत त्यांना हे लगेच समजेल. जुने स्लीपर काढून झाले आहेत, नवे अजून बसायचे आहेत, अशा वेळी ब्लॉक न घेता पूर्ण वेगाने गाड्या सोडल्या तर काय होईल? भार अचानक वाढल्यानंतरच्या काही आठवड्यांत पावलाची अवस्था नेमकी तीच असते. मजबूत होण्याच्या तयारीत असलेले हाड त्या काळात आधीपेक्षा कमकुवत असते. तेवढ्यात विश्रांती मिळाली तर ते पूर्वीपेक्षा बळकट होते. विश्रांती मिळाली नाही तर सूक्ष्म चिरा एकमेकींना मिळतात आणि तडा तयार होतो. तरीही चालत राहिले तर हाड आरपार मोडते.

यात स्नायूंचाही वाटा आहे. पाऊल जमिनीवर आपटते तेव्हा बराचसा धक्का पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू झेलतात. ड्युटीच्या शेवटच्या तासांत ते थकतात आणि त्यांच्या वाट्याचा धक्का हाडावर जातो. म्हणून आठवा-दहावा किलोमीटर पहिल्या किलोमीटरपेक्षा महाग पडतो.

एका पावलात २६ हाडे असतात. बोटांच्या मागे जी पाच लांब हाडे असतात, त्यांतील दुसरे आणि तिसरे बहुधा मोडते. दुसरे हाड सहसा सर्वांत लांब असते आणि त्याचे मूळ शेजारच्या हाडांत घट्ट अडकलेले असते. शेजारची हाडे थोडी हलून भार टाळतात, याला ती सोय नाही, ते वाकत राहते. टाचेचे हाडही मोडते. दोन जागा विशेष धोक्याच्या आहेत: घोट्याच्या पुढे पावलाच्या कमानीवर असलेले होडीच्या आकाराचे हाड आणि करंगळीच्या मागच्या लांब हाडाचे मूळ. तेथे रक्तपुरवठा कमी असल्याने तडा लवकर जुळत नाही, दुर्लक्ष झाले तर शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते.

आता हे आपल्या कामाला लावून पाहू. आपल्या मुख्य मार्गांवर बहुतेक ठिकाणी किलोमीटरला १६६० स्लीपर असतात, म्हणजे दोन स्लीपरमधील अंतर साधारण ६० सेंटिमीटर. स्लीपरमागे एक पाऊल धरले तर दहा किलोमीटरला १६,६०० पावले होतात, प्रत्येक पायाला ८,३००. उंच माणसाला ही ढांग तोकडी पडते, बुटक्याला लांब, स्वतःच्या चालीने कोणालाच चालता येत नाही. स्लीपर सोडून बाजूला उतरावे तर २० ते ६५ मिलिमीटर आकाराची खडी असते. तिच्यावर पाऊल कधीही सपाट पडत नाही. रुळाकडेची पायवाट अनेक ठिकाणी खडी सांडून बुजलेली असते. कीमनच्या खांद्यावर हातोडा, पाना, झेंड्या आणि फटाके असतात. पावसाळ्यात पेट्रोलमन हातदिव्याच्या उजेडात हीच वाट रात्री तुडवतो. घाटात त्यात चढ-उताराची भर पडते.

पोस्टमनचे चालणे तुलनेने सपाट जमिनीवर असते, पण जिना उतरताना शरीराचा आणि थैलीचा भार पावलाच्या पुढच्या भागावर, म्हणजे नेमका त्या लांब हाडांवर पडतो. पत्रे कमी झाली तरी पार्सले वाढली आहेत. पत्राचा गठ्ठा वाटेत हलका होत जातो, जड पार्सल मात्र शेवटच्या दारापर्यंत तेवढेच जड राहते.

तरीही रोजचे, अंगवळणी पडलेले चालणे हे मुख्य कारण नव्हे. वीस वर्षे तीच बीट करणाऱ्या माणसाची हाडे त्या बीटला सरावलेली असतात. तडा जातो तो भार अचानक वाढल्यावर. आणि आमच्याकडे भार अचानकच वाढतो. एक पोस्टमन रजेवर गेला की त्याची बीट दुसऱ्याच्या बीटला जोडली जाते आणि आठवडेच्या आठवडे तशीच राहते. पावसाळी गस्त सुरू झाली की कालपर्यंत गँगमध्ये काम करणारा माणूस आज रात्रभर चालू लागतो. दीर्घ आजारानंतर कामावर आलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण अंतर दिले जाते. नव्या भरतीचे पाहा. रेल्वेच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवाराने ३५ किलो वजन घेऊन १०० मीटर अंतर २ मिनिटांत कापायचे आणि १००० मीटर ४ मिनिटे १५ सेकंदांत धावायचे. महिला उमेदवाराला २० किलो वजन आणि १००० मीटरसाठी ५ मिनिटे ४० सेकंद मिळतात. एका दिवसाचा दम या चाचणीत कळतो. महिनाभर रोज खडीवर चालायला ही हाडे तयार आहेत का, ते त्यातून कळत नाही. क्लासमधून आलेला पदवीधर तरुण थेट गँगवर जातो आणि त्याचे पहिले दोन महिनेच सर्वांत धोक्याचे असतात.

रिकाम्या जागा न भरणे हा आम्ही नेहमी हिशेबाच्या भाषेत मांडलेला प्रश्न आहे. तो हाडांच्या भाषेतही मांडता येतो. जेथे दोघांचे अंतर एकाला चालावे लागते, तेथे दुरुस्तीसाठी हाडाला लागणारी सवड प्रशासनाने काढून घेतलेली असते.

इतर कारणेही आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या देशात, भरपूर ऊन असूनही, सर्रास आढळते. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला ऊन कमीच मिळते. आहारात कॅल्शियम कमी असणे, तंबाखू आणि विडी, स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेणे, यांनी हाड दुबळे होते. पाळी अनियमित असलेल्या किंवा थांबलेल्या भगिनींना धोका अधिक असतो. आज ट्रॅकवर आणि टपाल वाटपात महिलांची संख्या वाढत असताना त्यांना पुरुषांच्या मापाचे बूट देणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. झिजलेल्या तळव्याचा किंवा सैल बूट धक्का झेलत नाही. झोपेचे महत्त्वही कमी नाही. इस्रायली सैन्यातील पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगरुटांना रात्री किमान सहा तास झोप आणि एकूण चालण्यात कपात, एवढ्यावर तेथे स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. सैन्याला शिपाई धडधाकट हवा होता, म्हणून त्याने कामाची आखणी बदलली. आम्हीही तेच मागत आहोत.

सभासदांनी स्वतः काय ओळखावे? सुरुवातीला पाय फक्त ड्युटीच्या शेवटी दुखतो आणि रात्री बरा होतो. मग दुखणे दर दिवशी थोडे लवकर सुरू होते. पुढे विश्रांतीतही ठणकते. पावलाच्या वरच्या बाजूला सूज येते. एका बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येते, ही महत्त्वाची खूण आहे. पावलाचे प्रत्येक दुखणे म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर नव्हे. सकाळी पहिली पावले टाकताना टाच दुखणे आणि चालल्यावर सैल होणे, हे बहुधा तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे असते. मधुमेह्यांना तर हाड मोडूनही कळ जाणवत नाही, त्यांनी नुसत्या सुजेलाही हलके घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट एक्स-रेची. तडा गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत तो बहुधा दिसतच नाही. नवे हाड धरू लागले की दिसतो. एम.आर.आय. तपासणीत तो आधी कळतो. म्हणून पहिला एक्स-रे साफ असणे हा हाड साबूत असल्याचा पुरावा ठरत नाही. अशा वेळी तेल चोळून किंवा गोळी घेऊन चालत राहणे घातक आहे, कारण गोळीने कळ दबते, तडा तसाच राहतो. लवकर थांबले तर बोटांमागच्या मधल्या हाडांचा तडा कडक तळव्याचा बूट आणि सहा ते आठ आठवडे चालणे कमी करणे, एवढ्यावर जुळतो. धोक्याच्या दोन जागांवर असेल तर प्लास्टर, कुबड्या आणि बरेचदा अधिक काळ लागतो. परत येतानाही अंतर टप्प्याटप्प्याने वाढवायला हवे, नाहीतर तेच दुखणे उलटते.

आता कायद्याकडे वळू. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा घ्या किंवा त्याची जागा घेणारी, नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेली सामाजिक सुरक्षा संहिता घ्या, विचार तोच आहे. एक तर अपघात झाला पाहिजे, नाहीतर रोग यादीत असला पाहिजे. चालून मोडलेले हाड यादीत नाही आणि त्याला अपघाताची तारीख नाही. दोन्ही दारे अर्धवट बंद आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतर कामाशी संबंधित आजार व दुखापतीची वेगळी रजा मिळाली. कामामुळे झालेले किंवा कामामुळे बळावलेले, असे तिचे शब्द आहेत आणि ते आपल्या बाजूचे आहेत. पण या रजेचे गणित रुग्णालयात दाखल होण्यापासून सुरू होते आणि स्ट्रेस फ्रॅक्चरच्या रुग्णाला बहुधा दाखल करून घेत नाहीत. त्याला घरी बसायला सांगतात. म्हणजे तो स्वतःची अर्जित रजा आणि अर्धपगारी रजा मोडतो. ज्यांना २००१ पूर्वी ई.डी. म्हणत, त्या ग्रामीण डाक सेवकांना तर हे रजा नियमही लागू नाहीत आणि ठेकेदाराच्या हाताखाली ट्रॅकवर राबणाऱ्या मजुराला घरी बसणे म्हणजे रोज बुडणे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि करण्याजोग्या आहेत. प्रत्येक बीटचे, गस्तीचे पायी अंतर लेखी नोंदवावे आणि जोडबीट दिल्यास ती किती दिवस चालली तेही लिहावे. नवा माणूस, दीर्घ रजेवरून आलेला माणूस आणि गस्तीला प्रथमच लावलेला माणूस यांचे अंतर काही आठवड्यांत चढत्या क्रमाने पूर्ण करावे. रुळाकडेची पायवाट मोकळी ठेवावी. बूट स्वतःच्या मापाचे, धक्का झेलणाऱ्या तळव्याचे असावेत आणि ते वर्षाच्या ठरावीक तारखेला नव्हे, झिजल्यावर बदलून मिळावेत. हाडावर एकाच जागी कळ असेल तर पहिला एक्स-रे साफ असूनही हलके काम द्यावे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. कामाच्या दुखापतीची रजा रोगनिदानाच्या तारखेपासून मोजावी, रुग्णालयातील खाट त्यासाठी सक्तीची नसावी. यांतील एकही सवलत ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी कामगार यांना वगळून नको.

या मागण्या मांडायला जागा आहेत. रेल्वेत १९५२ पासून कायम वाटाघाटी यंत्रणा आहे, १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. उणीव आहे ती आपल्या कागदांची. बैठकीत पायदुखीचा विषय काढला की प्रशासन आकडे मागते आणि आपण गप्प बसतो, कारण आपल्या शाखांनीही कधी नोंद ठेवलेली नाही. हा दोष आमचाही आहे, तो आम्ही मान्य करतो. प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. कोणाचा पाय दुखू लागला, किती दिवस, त्याआधीच्या महिन्यात अंतर किती वाढले, पहिला एक्स-रे कधी, दुसरा कधी, रजा कोणती गेली. वर्षभराने ती वही आपल्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल.

आणि एक काम असे आहे, ज्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. पुढच्या वेळी सोबती लंगडत आला तर त्याला कामचुकार म्हणण्याआधी एवढेच विचारा: "गेल्या महिन्यात किती चाललास?" मग त्याच्या हातातला हातोडा किंवा खांद्यावरची थैली उतरवून घ्या आणि त्याला डॉक्टरकडे पाठवा. संघटनेची सुरुवात तिथूनच होते.